सिस्टर, रडायचे कुठे?

रुग्ण बरा होऊन घरी जातो तेव्हा डॉक्टरांचे नाव घेतो. 'अमक्यांच्या हाताला गुण आहे' ही आपली जुनी बोली आहे आणि तीत वावगे काही नाही. पण दाखल झालेल्या रुग्णाच्या चोवीस तासांचा हिशेब मांडला, तर डॉक्टरांच्या वाट्याला त्यातली काही मिनिटे येतात. उरलेला काळ परिचारिकेच्या देखरेखीखाली जातो. रुग्णाचे कण्हणे, त्याची घाबरगुंडी, नातेवाइकांचे शंभर प्रश्न आणि कधीकधी त्याचा शेवटचा श्वास, या साऱ्याची पहिली साक्षीदार तीच असते.

ही साक्षीदार किती वर्षांची असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तीन वर्षांची जीएनएम पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेऊन मुलगी वॉर्डात रुजू होते, तेव्हा तिचे वय असते एकवीस-बावीस. त्याच वयाची आपल्या घरातील मुले एम.ए. करावे की स्पर्धा परीक्षा द्यावी, याचा विचार करीत असतात. ही मुलगी मात्र रात्रपाळीत तीस खाटांच्या वॉर्डाची जबाबदारी सांभाळीत असते. आता या व्यवसायात मुलगेही मोठ्या संख्येने येत आहेत. या लेखात परिचारिकेविषयी जे म्हटले आहे, ते 'ब्रदर' म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या तरुणांनाही तितकेच लागू आहे.

या नवोदितांच्या मनावर दोन ओझी असतात. एक घडू शकणाऱ्या गोष्टींचे, म्हणजे चिंतेचे. दुसरे घडून गेलेल्या गोष्टींचे, म्हणजे शोकाचे. दोन्ही ओझी व्यवसायाबरोबरच येतात, ती कोणाला टळत नाहीत. प्रश्न एवढाच, की ती एकटीने वाहायची की त्यांना चार हात लागायचे?

वास्तवाचा धक्का

अमेरिकेतील परिचर्या-संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली 'रिअ‍ॅलिटी शॉक' या पुस्तकात नव्या परिचारिकांच्या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. महाविद्यालयात शिकवलेले असते एका रुग्णाची संपूर्ण शुश्रूषा कशी करावी; वॉर्डात गाठ पडते ती एकाच वेळी संपत आलेल्या पाच सलाइनांशी. सुरुवातीचे दिवस उत्साहाचे असतात. मग धक्का बसतो. शिकलेले सारे खोटे वाटू लागते, सहकाऱ्यांचा राग येतो, स्वतःची लाज वाटते. त्यातून सावरायला वेळ लागतो आणि तो वेळ देणारे कोणी भेटले नाही, तर मुलगी नोकरी तरी सोडते किंवा मन दगडाचे करून टिकते.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या वाटचालीच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. यातील तिसरी पायरी, म्हणजे 'सक्षम' म्हणावे अशी अवस्था, एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षे काढल्यावर येते, असे त्यांचे निरीक्षण आहे. हे वाक्य प्रत्येक नव्या परिचारिकेने लक्षात ठेवावे आणि तिला रागावण्यापूर्वी प्रत्येक डॉक्टरानेही आठवावे. सहाव्या महिन्यात गोंधळणारी मुलगी नालायक नसते. ती पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असते, इतकेच.

चिंतेचेही दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. इन्सुलिन भरताना सिरिंज दुसऱ्यांदा प्रकाशात धरून पाहायला लावणारी, रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी नाव आणि गट पुन्हा ताडून घ्यायला लावणारी चिंता ही पहारेकरी आहे. तिला घालवू नये. दुसरी चिंता जीभ बांधून टाकते. केसपेपरवरील अक्षर लागत नाही, मात्रा मिलिग्रॅममध्ये आहे की मायक्रोग्रॅममध्ये हे कळत नाही, पण विचारले तर ओरडा बसेल म्हणून विचारायचे नाही! पहाटे दोन वाजता रुग्णाची नाडी बिघडली आहे, पण 'एवढ्यासाठी उठवलेत?' हे ऐकावे लागेल म्हणून फोन सहापर्यंत लांबवायचा. ही चिंता रुग्णाच्या जिवावर बेतते आणि ती बहुतांशी आम्हा डॉक्टरांच्या स्वभावातून जन्माला येते, हे मान्य करायला हवे.

यावर एक साधा उपाय आहे. अमेरिकेच्या आरमारातील संभाषणपद्धतीवरून घेतलेली चार टप्प्यांची रीत तेथील रुग्णालयांनी या शतकाच्या आरंभी स्वीकारली आणि ती आता जगभर शिकवली जाते. आधी सद्यस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज आणि शेवटी मागणी. उदाहरण द्यायचे तर असे :

'सर, पुरुष शल्य विभागातून बोलते आहे. खाट क्रमांक सातच्या रुग्णाचा रक्तदाब ८४/५० झाला आहे, नाडी १३० आहे. काल दुपारी त्यांची पोटाची शस्त्रक्रिया झाली. गेल्या तीन तासांत लघवी फक्त २० मिलिलीटर आहे आणि पोट फुगते आहे. आतून रक्तस्राव होत असावा असे मला वाटते. आपण लगेच यावे.'

या पाच-सहा वाक्यांना अर्धा मिनिट लागतो. घाबरलेल्या मुलीला बोलण्यासाठी साचा मिळतो आणि झोपेतून उठलेल्या डॉक्टरला निर्णयासाठी लागणारे सारे मिळते. फोन उचलण्यापूर्वी हे चार मुद्दे कागदावर लिहून घेण्याची सवय लावली, की हाताची थरथर निम्मी कमी होते. नव्या परिचारिकांना पहिल्याच आठवड्यात याचा सराव द्यावा आणि त्या सरावात फोनच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांनी स्वतः बसावे.

मृत्यूनंतरचा एक तास

आता दुसऱ्या ओझ्याविषयी. वॉर्डात मृत्यू होतो तेव्हा डॉक्टर येतात, बाहुल्या तपासतात, हृदयाचा आलेख सरळ झाल्याची खात्री करतात, नातेवाइकांशी दोन शब्द बोलतात, प्रमाणपत्रावर सही करतात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. त्यांना जावेच लागते. त्यानंतरचा तास परिचारिकेचा असतो.

पापण्या मिटवायच्या. सलाइनची सुई, नाकातील नळी, लघवीची नळी काढायची. प्रकरण पोलिसांकडे जाणारे असेल तर त्या तशाच ठेवायच्या. देह ओल्या फडक्याने पुसायचा, हनुवटी बांधायची, हातपाय सरळ करायचे, नावाची चिठ्ठी लावायची. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र मोजून नातेवाइकांच्या हाती द्यायचे आणि सही घ्यायची. नोंदवही पूर्ण करायची. मग चादर बदलायची. कारण खाट रिकामी राहत नाही. तासाभरात तिच्यावर दुसरा माणूस येतो आणि त्याच्याकडे पाहून हसावे लागते.

काल संध्याकाळी ज्या आजींनी 'बाळ, जेवलीस का गं?' म्हणून विचारले, त्यांच्याच मनगटातील बांगड्या आज सकाळी मोजून द्यायच्या, हे अभ्यासक्रमातील 'मृत्यूपश्चात काळजी' या धड्यात लिहिलेले नसते. आपल्या बेळगावसारख्या शहरात आणखी एक पदर असतो. येथील वॉर्डांत मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारे रुग्ण शेजारी-शेजारी असतात आणि शुश्रूषा करणारी मुलगी अनेकदा केरळातून आलेली असते. रुग्ण शेवटी काय पुटपुटला, हे तिला कळलेलेच नसते. नातेवाईक विचारतात, 'सिस्टर, काही बोलले का हो?' आणि तिच्यापाशी उत्तर नसते. ही खंत ती वसतिगृहावर घेऊन जाते.

आपल्या समाजाने शोकासाठी मोठी सोय करून ठेवली आहे. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भात आणून देतात, सुतक पाळले जाते, दहावा-तेरावा होतो, माणसे येऊन बसतात. या रूढींचा धार्मिक अर्थ कोणी मानो वा न मानो, त्यांचे मानसिक कार्य स्पष्ट आहे. 'तुझे दुःख आम्हाला मान्य आहे, काही दिवस तू काम केले नाहीस तरी चालेल' असे त्या सांगतात. परिचारिकेला यातले काहीच लागू नाही. ती ना सून, ना लेक, ना बहीण. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाला स्वतंत्र नाव दिले. समाज ज्याला मान्यता देत नाही, ज्यासाठी रजा नाही, सांत्वन नाही, रडण्याला जागाही नाही, असा हक्क नाकारलेला शोक. आणि म्हणून ती रडते कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांआड, नळ सोडून. तोंड धुऊन बाहेर येते आणि चार वाजताचे तापमान घेऊ लागते.

२०२० आणि २०२१ या कोविडच्या दोन वर्षांनी तर ही गोष्ट टोकाला नेली. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. संरक्षक पोशाखात घामाघूम झालेल्या परिचारिकेने कानाशी धरलेल्या मोबाइलवरून किती माणसांनी आपल्या घरच्यांचा शेवटचा निरोप घेतला, याची मोजदाद कुठेच नाही. २०२० हे वर्ष फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींना अर्पण केले होते. त्या वर्षात त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. शोकासाठी वेळ मात्र मिळाला नाही.

'मन घट्ट कर' या सल्ल्याची किंमत

'सवय होईल', 'मन घट्ट कर', 'रुग्णात गुंतायचे नाही' हे सल्ले नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात मिळतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्यांची किंमत काय, हे इझाबेल मेंझीज या मनोविश्लेषक विदुषीने लंडनमधील एका अध्यापन रुग्णालयाच्या अभ्यासात दाखवून दिले. तो अभ्यास १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि आजही ताजा वाटतो. परिचारिकांना चिंता जाणवूच नये म्हणून रुग्णालयाने नकळत कितीतरी तटबंद्या उभारल्या होत्या. एका परिचारिकेने एका रुग्णाची पूर्ण काळजी घ्यायची नाही. सर्वांचे तापमान एकीने, सर्वांची औषधे दुसरीने पाहायची. रुग्णाला नावाने नव्हे, तर 'दहा नंबरचे यकृत' म्हणून ओळखायचे. सारखी बदली करायची, म्हणजे जवळीक होणार नाही. छोट्या निर्णयासाठीही वरच्याकडे बोट दाखवायचे.

परिणाम काय झाला? चिंता कमी झाली नाही, झाकली गेली. आणि रुग्णाच्या बरे होण्यात आपला वाटा आहे, हे या व्यवसायातील सर्वांत मोठे समाधान मात्र हिरावले गेले. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या आणि त्यांत गुणी मुलींची संख्या लक्षणीय होती. ज्यांना अधिक जाणवते, त्याच आधी निघून जातात; त्या गेल्याने नुकसान होते ते रुग्णांचे.

मग सावरायचे कसे?

शोकाच्या पाच अवस्थांविषयी बहुतेकांनी ऐकलेले असते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. पुढे लोकांनी त्यांचा जिना केला आणि प्रत्येक शोकाकुलाने तो क्रमाने चढावा अशी अपेक्षा ठेवली. मन तसे चालत नाही. नेदरलँड्समधील अभ्यासक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र परिचारिकेच्या आयुष्याला अधिक जुळते. शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो. कधी तो गेलेल्याचा विचार करतो, रडतो. कधी तो सारे बाजूला ठेवून रोजची कामे करतो, हसतोही. ही ये-जा म्हणजेच सावरणे. त्यामुळे मृत्यू पाहिलेल्या दिवशी मैत्रिणीच्या वाढदिवसाला हसल्याबद्दल स्वतःला अपराधी मानू नये, आणि तीन आठवड्यांनी अचानक डोळे भरून आले तर 'मी कच्ची आहे' असेही मानू नये.

दुसरी महत्त्वाची गोष्ट ही, की कोणालाही बोलायला भाग पाडू नये. एखादी भीषण घटना घडल्यावर त्याच दिवशी सर्वांना बसवून तपशीलवार बोलते करण्याची पद्धत एकेकाळी फार प्रचलित होती. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक आजार टळतो असा पुरावा आढळला नाही. पहिल्या काही तासांत लागते ते साधे असते. गरम चहा, दहा मिनिटे बसायला जागा, घरी पोचवायला सोबत, रात्रीची झोप, आणि तिला बोलावेसे वाटले तर न अडवता ऐकणारे एक माणूस.

काही रुग्णालयांनी यासाठी सोप्या रीती घडवल्या आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी 'द पॉज' ही रीत सुरू केली. मृत्यू जाहीर झाल्यावर खोलीतील सर्वांनी एक मिनिट स्तब्ध उभे राहायचे. गेलेला माणूस कोणाचा तरी होता आणि आपण सर्वांनी शर्थ केली, एवढेच कोणीतरी म्हणायचे. धर्माचा प्रश्न नाही, खर्च नाही. बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ या कर्करोगग्रस्त वकिलाच्या इच्छेतून १९९५ मध्ये एक केंद्र उभे राहिले. त्याच्या पुढाकाराने रुग्णालयांत अशा बैठका भरू लागल्या, जिथे डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी एकत्र बसून रोगनिदानावर नव्हे, तर त्या रुग्णाने आपल्या मनात काय उलथापालथ केली यावर बोलतात. प्राध्यापकाने 'त्या रात्री मलाही झोप लागली नाही' असे म्हटले, की शेवटच्या रांगेतील नव्या मुलीचे ओझे हलके होते.

पण याचे सर्वांत मोठे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात कनिष्ठ परिचारिका होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या क्रूर हल्ल्यानंतर त्या कधीच पूर्ववत शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. नव्याने रुजू झालेल्या मुलींनीही ते काम आपले मानले. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचाच आहे, असे मानले. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्याला आप्ताच्या नात्याचा मान मिळाल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. त्यांच्या अंत्यसंस्काराला परिचारिका उघडपणे रडल्या आणि त्या रडण्याला कोणी दुबळेपणा म्हटले नाही. शोक वाटून घेतला, म्हणूनच ती सेवा चार दशके टिकली.

स्वतःसाठी आणि एकमेकींसाठी

नव्या परिचारिकेला काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. पाळी संपताना सविस्तर रिपोर्ट द्या आणि त्याबरोबर जबाबदारीही खरोखर सोपवा. खोलीवर गेल्यावर 'सलाइन बंद केले होते ना?' हा विचार आला, तर वॉर्डात एक फोन करून मोकळ्या व्हा, रात्रभर घोकू नका. पाळी संपल्यावर अंघोळ, जेवण, चार पावले चालणे यांचा एक क्रम ठरवा. तो शरीराला सांगतो की काम संपले. रात्रपाळीनंतरची झोप ही चैन नव्हे, औषध आहे. आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी अशी एक सिस्टर शोधा, जिला मूर्खपणाचा प्रश्नही विचारता येईल. आणि वॉर्डाच्या कपाटातील झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांना स्वतःसाठी कधीही हात लावू नका. औषध हाताशी असणे, हाच या व्यवसायातील मोठा धोका आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली असेल, कामावर निघताना छातीत धडधडत असेल, एकच प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नसेल, कशाचेच काही वाटेनासे झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आणि जगणे नको वाटू लागले, तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालू असतो आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येते. इतरांना उपचाराला पाठवणाऱ्यांनी स्वतः उपचार घेण्यात कमीपणा मानू नये.

आपल्या हाती काय आहे?

ही स्मरणिका वाचणाऱ्या डॉक्टर मित्रांना काही विनंत्या कराव्याशा वाटतात. मृत्यूनंतर पाच मिनिटे अधिक थांबा. नातेवाइकांना ती बातमी स्वतः सांगा. बावीस वर्षांच्या मुलीला संतापलेल्या घोळक्यासमोर एकटे सोडू नका. तिला तिच्या नावाने हाक मारा. चूक दाखवायची असेल तर बाजूला नेऊन दाखवा, रुग्णासमोर नको. पहिल्या काही महिन्यांत तिला अतिदक्षता विभागाची रात्रपाळी एकटीने देऊ नका. ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत, त्यांनी परिचारिकांसाठी एक छोटी खोली ठेवावी. दोन खुर्च्या, पाण्याचे मडके आणि आतून लागणारी कडी एवढे तिला पुरे. आणि दुसऱ्या दिवशी राउंडला जाताना फक्त विचारावे, 'काल फार त्रास झाला ना?'

समाजबांधवांसाठीही थोडेसे. आपल्या आळीत भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या परिचारिका असतील, तर दिवसा त्या झोपलेल्या असतात हे ध्यानात घ्यावे. घरात सून किंवा मुलगी या व्यवसायात असेल, तर ती गप्प गप्प घरी आली म्हणून तिला बोल लावू नये. आधी ताट वाढावे. आणि आपला माणूस रुग्णालयात गेला, तर सामान आवरून निघताना ज्या सिस्टरने त्याचे शेवटचे केले तिला दोन शब्द सांगून निघावे. तो माणूस कोण होता, काय करीत असे, त्याला काय आवडे, एवढेच सांगावे. तिच्या नोंदवहीत त्याचा खाट क्रमांक आणि मृत्यूची वेळ असते. तो कोण होता, हे तिला आपल्याखेरीज कोणी सांगणार नाही.